माडीवरचा संडास का तुंबतो? आधी पाईप तपासा, मग सुनेला बोला



मागच्या पावसाळ्यात नेवासा तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक चालू होती. कर्जाचे हप्ते वाचून झाले. एका ताईचे दोन हप्ते थकले होते. कारण विचारलं तर ती आधी गप्प बसली. मग शेजारच्या ताईने कोपर मारलं तेव्हा हळूच म्हणाली, "ज्यासाठी कर्ज काढलं तेच बंद पडलंय. घरात भांडणं चालूयेत. हप्ता कुठल्या तोंडाने मागू?"

तिने कर्ज काढलं होतं माडीवर संडास-बाथरूम बांधायला. गावठाणातलं घर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे हातभर बोळ. मुलाचं लग्न झालं म्हणून वर एक खोली चढवली आणि तिला लागून संडास काढला. खालचा संडास स्वच्छ भारत मिशनच्या 12,000 रुपयांच्या अनुदानातून आधीच झालेला होता. अनुदान एका घराला एकदाच, म्हणून वरचं काम गटाच्या पैशातून.

दोन-तीन महिने बरे गेले. मग वर पाणी टाकलं की खालच्या संडासात गुडगुड वाजायला लागलं. मग वास. मग एके दिवशी वर पाणी ओतलं आणि खालच्या भांड्यातून घाण वर आली. मालक म्हणाले, "पाणी कमी टाकता तुम्ही बायका." सासूबाई म्हणाल्या, "सून काहीतरी टाकत असेल त्याच्यात." वरच्या संडासाला कुलूप लागलं. खालच्यावर सगळ्या घराचा भार आला, तोही तुंबला. आणि सातवा महिना लागलेली सून पहाटे अंधारात ओढ्याच्या कडेला जायला लागली.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. सोबत गावातले एक जुने गवंडी काका घेतले. तासाभरात दोष सापडले. एक नाही, तीन. आणि त्यातला एकही सुनेचा नव्हता. काकांनी त्या दिवशी जे समजावून सांगितलं आणि पुढे मी जे वाचून-विचारून घेतलं, ते सगळ्यांसाठी इथे देते. गावठाणात जागा उरली नाही, त्यामुळे आता बऱ्याच घरांत संडास वर चढतोय. बांधण्याआधी हे वाचलं तर पैसे वाचतील. बांधून झाला असेल तर निदान भांडण तरी वाचेल.

तेलाच्या डब्याची गोष्ट

पंधरा किलोचा तेलाचा डबा आपण फोडतो तेव्हा किती भोकं पाडतो? दोन. एक तेल ओतायला, एक समोरच्या कोपऱ्यात. एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत, थांबत थांबत, उडत पडतं. कारण तेल बाहेर यायचं तर आत हवा जायला पाहिजे. दुसरं भोक हवेसाठी असतं.

माडीवरच्या संडासाचा पाईपही तसाच. वरून बादलीभर पाणी उभ्या पाईपात पडतं तेव्हा ते पुढची हवा खाली ढकलतं आणि मागे हवा ओढतं. वर हवेची वाट नसेल तर ते भांड्याखालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं. ट्रॅप म्हणजे भांड्याखालचा वाकडा भाग. त्यात कायम थोडं पाणी साठलेलं असतं आणि तेच पाणी खालचा वास अडवतं. ड्रममधलं पाणी काढायला आपण नळी तोंडाने ओढतो आणि मग ते आपोआप येत राहतं ना, तसंच हे. ट्रॅप रिकामा झाला की वासाला दार उघडं. आणि पुढे ढकललेली हवा बाहेर पडायला जागा शोधते ती खालच्या संडासाच्या भांड्यातून. ती गुडगुड तीच.

त्या ताईच्या घरी उभा पाईप वरच्या भांड्यापाशी येऊन संपला होता. तिथेच एल्बो लावून तोंड बंद. म्हणजे डब्याला एकच भोक.

उपाय सोपा आहे. तो उभा चार इंची पाईप तसाच वर न्यायचा, स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या वर काढायचा आणि तोंडाला जाळीची टोपी (काऊल) बसवायची. छपरावर कोणी जात नसेल तर दोन-तीन फूट वर पुरतो. गच्चीवर वाळवण घालत असाल, उन्हाळ्यात झोपत असाल, तर माणसाच्या डोक्याच्या वर, सात फूट तरी घ्या. खिडकीजवळ तोंड नको. जाळी हवीच, नाहीतर पक्षी घरटं करतात आणि पाईप पुन्हा बंद.

एक घोटाळा इथे होतो. "शोषखड्ड्याच्या संडासाला एअर पाईप लागत नाही" असं आपण प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. ते बरोबर आहे. दोन खड्ड्यांच्या संडासात खड्ड्यातला वायू आजूबाजूच्या मातीत शोषला जातो, त्यामुळे *खड्ड्याला* वेगळा पाईप लागत नाही. सेप्टिक टाकीला लागतो. पण इथे आपण बोलतोय ते माडीवरून येणाऱ्या *उभ्या पाईपाबद्दल*. त्याला हवा हवीच, खाली खड्डा असो नाहीतर टाकी.

उतार आणि वळणं

दुसरा दोष आडव्या पाईपात होता. वरचं भांडं एका कोपऱ्यात आणि उभा पाईप दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये बारा फुटांचा आडवा पाईप. काकांनी पारदर्शक लेव्हल पाईपात पाणी भरून दोन्ही टोकं मोजली. उतार जवळजवळ नव्हताच. पाणी पुढे निघून जायचं आणि मैला मागे बसायचा. रोज थोडा थोडा.

आडव्या पाईपाला दर दहा फुटांमागे निदान 3 ते 4 इंच उतार पाहिजे. वर मोटारीचं पाणी नसेल, बादलीनेच टाकत असाल, तर त्याहून थोडा जास्तच घ्या. आणि मुळात आडवा पाईप जितका आखूड तितकं चांगलं. भांडं उभ्या पाईपाच्या जवळ घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून बांधताना आधी उभा पाईप कुठून जाणार ते ठरवा, मग भांडं कुठे बसवायचं ते.

वळणाचंही तसंच. उभा पाईप खाली जमिनीजवळ आडवा वळतो तिथे एकदम काटकोनी एल्बो लावला की माडीवरून जोरात आलेला मैला तिथे आपटतो आणि साचतो. तिथे 45 अंशाचे दोन बेंड लावून वळण लांबट करावं. प्रत्येक वळणापाशी झाकण उघडणारा जोड बसवून घ्यावा, दुकानात 'डोअर बेंड' किंवा 'डोअर टी' म्हटलं की देतात. उद्या तुंबलं तर झाकण उघडून काठी घालता येते. नसेल तर भिंत फोडावी लागते.

पाणी कसं टाकायचं

मालक म्हणाले त्यात थोडं तथ्य होतं, पण वेगळ्या अर्थाने. जास्त उताराचं ग्रामीण भांडं असेल तर दीड-दोन लिटर पाण्यात मैला ट्रॅपच्या पार जातो. पण माडीवर ट्रॅपनंतर आडवा पाईपही पार करायचा असतो. म्हणून तांब्या-तांब्याने दहा वेळा ओतण्यापेक्षा अर्धी बादली एकदम ओता. पाणी तेवढंच लागतं, पण जोर मिळतो.

आणि वर पाणी कोण नेतं? डोक्यावर हंडा घेऊन जिना चढणारी बाईच. संडास वर बांधायचा तर वर छोटी टाकी, किंवा निदान जिन्यापाशी पाण्याची सोय, याचा हिशोब त्याच खर्चात धरा. पाण्याविना माडीवरचा संडास म्हणजे घरातल्या बाईला अजून एक वेठ.

खड्डा आणि माती

तिसरा दोष जमिनीखाली होता. प्रवरा आणि मुळेच्या कालव्याखालचा आपला भाग, म्हणजे नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, राहाता. बऱ्याच ठिकाणी काळी चिकण माती, ऊस, आणि पावसाळ्यात पाणी वर आलेलं. अशा मातीत पाणी मुरतं फार हळू. पारनेरच्या मुरमाड जमिनीत चालतो तेवढाच खड्डा इथे चालेल असं नाही.

त्या ताईकडे एकच खड्डा होता. खालचा संडास, वरचा संडास आणि वर दोन्ही बाथरूमचं आंघोळीचं पाणी, सगळं त्याच खड्ड्यात. ऑगस्टपर्यंत तो काठोकाठ भरला होता. मग पाणी परत फिरणारच, आणि परत फिरताना सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येणार. म्हणून वर ओतलेलं खालच्या भांड्यातून वर येत होतं.

इथे चार गोष्टी लक्षात ठेवा.

1. खड्डे दोन पाहिजेत, आणि एका वेळी एकच चालू. पुढच्या छोट्या चेंबरमध्ये दुसऱ्या खड्ड्याचं तोंड बंद करून ठेवायचं. काही घरांत दोन्ही तोंडं उघडी ठेवलेली मी बघितलीत. मग दोन्ही एकदम भरतात आणि दोन खड्डे केल्याचा फायदाच जातो. पाच-सहा माणसांच्या घरात नीट बांधलेला एक खड्डा साधारण तीन वर्षं चालतो.

2. आंघोळीचं, धुण्याचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. ते वेगळ्या पाईपाने वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्या. केळी, अळू, शेवगा खुशाल वाढतो त्यावर.

3. काळ्या मातीत खड्डा थोडा मोठा घ्या आणि जाळीदार बांधकामाच्या बाहेरून, भोवती एक फुटाचा वाळू-खडीचा थर भरा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येत असेल तर खड्ड्याचा वरचा काठ जमिनीपेक्षा फूटभर उंच घेऊन भोवती मातीचा भराव करा. माडीवरच्या संडासाला हे सोपं जातं, कारण त्याचा पाईप मुळातच उंचावरून येतो. मात्र खालचा संडास त्याच खड्ड्याला जोडलेला असेल तर त्याच्या भांड्याची उंची आधी बघा.

4. दोन खड्ड्यांत खड्ड्याच्या खोलीएवढं, निदान एक मीटर, अंतर हवं. विहीर किंवा हातपंप 10 मीटर म्हणजे 33 फुटांच्या आत नको. गावठाणात हे जमत नसेल तर खड्डा रेटून करू नका. ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत समितीच्या अभियंत्यांना जागा दाखवा, दुसरा मार्ग विचारा.

पोटमाळा आणि लाकडी माडी असेल तर

अकोल्याकडची कौलारू घरं, जामखेड-कर्जतकडची जुनी माळवदं, यांच्या लाकडी तुळयांवर संडास बांधायचा विचार असेल तर थांबा. भांडं बसवायला खाली विटा-सिमेंटचा भराव लागतो, त्याचं वजन मोठं. शिवाय ओल झिरपली की तुळई आतून कुजते आणि वरून कळत नाही. जाणकाराला दाखवल्याशिवाय असं काम करू नये. स्लॅब असला तरी फरशीखाली वॉटरप्रूफिंग करून, पाणी भरून दोन दिवस ठेवून, खाली ओल येते का ते बघूनच फरशी बसवायला सांगा.

आधी खूण ओळखा

पैसे काढण्याआधी घरच्या घरी ही तपासणी करा. एकजण वर पाणी ओतेल, एकजण खाली भांड्यापाशी आणि एकजण चेंबरचं झाकण उघडून उभी राहील.

* *वर पाणी साचतं, खालचं नीट जातं:* अडथळा वरच्या भांड्यात किंवा आडव्या पाईपात आहे. उतार बघा.
* *वर ओतलं की खालच्या भांड्यातून येतं:* अडथळा दोघांच्या सामाईक पाईपात आहे, किंवा खड्डा भरलाय. चेंबरमध्ये पाणी तुंबलेलं दिसलं तर खड्डा, चेंबर कोरडं असेल तर त्याच्या आधीचा पाईप.
* *पाणी जातं, पण गुडगुड आणि वास:* हवेची वाट नाही. पाईप वर काढा.
* *फक्त पावसाळ्यात त्रास:* माती आणि खड्डा.
* *बरेच दिवस घर बंद होतं आणि आल्यावर वास:* काहीच बिघडलेलं नाही. ऊसतोडीहून आलेल्या पाथर्डी-शेवगावच्या सख्यांना हा अनुभव असेल. ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. बादलीभर पाणी ओता, दार उघडं ठेवा.

सुनेचा दोष नाही म्हटलं, तरी काय टाकू नये हे सगळ्यांनीच पाळायला हवं, आणि यात पुरुषही आले. पॅड, कापड, केसांचा गुंता, चहाचा चोथा, उरलेलं अन्न, गुटख्याच्या पुड्या, यातलं काही भांड्यात टाकायचं नाही. पॅड पाण्यात फुगतं आणि वळणावर अडकतं. त्यासाठी संडासातच झाकणाचा डबा ठेवा. पॅड टाकायला जागा नसली की ते कुठे जाणार?

हे करू नका

तुंबलं की ॲसिड ओतायची सवय आहे. त्याने मैल्याचं खत करणारे जंतू मरतात आणि खड्ड्याचं काम थांबतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. भरलेल्या खड्ड्यात किंवा टाकीत कोणालाही उतरवू नका. घरातल्या माणसाला नाही, आणि पैसे देऊन दुसऱ्याला तर नाहीच. आतला वायू एका श्वासात माणसाला पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने माणसाकडून मैला उपसून घेणं आणि संरक्षणाच्या साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कोणाचं तरी लेकरू आत पाठवून आपला संडास मोकळा करायचा, हे आपल्याला शोभत नाही. सेप्टिक टाकी असेल तर उपसायला मशीनची गाडी मागवा. दोन खड्डे असतील तर भरलेला बंद करून दुसरा चालू करा. बंद केलेल्याला निदान दीड-दोन वर्षं हात लावू नका. तोवर त्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं.

पुढे काय झालं

त्या घरी पहिल्या आठवड्यात उभा पाईप छताच्या वर काढला. गुडगुड आणि वास थांबला. मग आडवा पाईप सोडवून उतार दिला आणि खालचं वळण बदललं. आंघोळीचं पाणी त्याच दिवशी परसात वळवलं. दुसरा खड्डा मात्र पावसात खणता येईना. तोवर दोन महिने दोन्ही संडास जपून वापरावे लागले. दिवाळीनंतर खड्डा झाला तेव्हा कुठे काम पुरं झालं. गटाने थकलेले हप्ते पुढे ढकलून दिले.

सासूबाई सुनेला "चुकलं" म्हणाल्या नाहीत. पण कुलूप त्यांनीच काढलं, आणि सुनेच्या बाळंतपणाआधी वरच्या संडासात भिंतीला धरायला लोखंडी दांडाही त्यांनीच लावून घेतला.

पुण्याजवळच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर 1959 मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून आले. रोग थांबवायचे तर संडास हवेत, म्हणून त्यांनी गावात संडास बांधून घेतले, पण ते पहिले संडास पावसात टिकले नाहीत. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. बांधणीत काय चुकलं ते शोधलं, पुन्हा बांधले, पुढे गोबरगॅसला संडास जोडला. आयुष्य त्यात घातलं. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्यालाही तेवढंच करायचंय. संडास बंद पडला तर चूक शोधायची, माणूस नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करा. कोणाकडे संडास बांधून बंद पडलाय, ते विचारा. जाहीर विचारलं तर कोणी बोलणार नाही, म्हणून घरभेटीत विचारा. नावं ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. गवंडी एकाच दिवशी तीन-चार घरं बघू शकतो, खर्चही वाटला जातो. आणि संडासासाठी कर्ज मंजूर करताना गवंड्याला हे चार प्रश्न विचारायला सांगा: पाईप छतावर किती काढणार? उतार किती देणार? वळणावर झाकण कुठे? आंघोळीचं पाणी कुठे जाणार?

चारही उत्तरं मिळाली की मगच पहिला हप्ता द्या.

आपली,
क्षेत्र समन्वयक